निळ्या सॅम्पलमधलं पाणी

सर,

मंदारने तुमच्यावर लेख मागितला आहे. तुमचे विद्यार्थी मिळून एक स्मरणिका काढताहेत आणि तिचं संपादन त्याच्या गळ्यात पडलं आहे. तुम्ही निवृत्त व्हायच्या आधी तुमच्या हाताखालून डॉक्टर होऊन बाहेर पडलेला तो शेवटचा. मला फोन करून म्हणाला, "मॅडम, तुम्ही सरांच्या जुन्या विद्यार्थिनी. तुमचा लेख हवाच. फक्त जरा गोड लिहा."

"गोड म्हणजे किती?" मी विचारलं.

तो हसला. शोकसभेत मी जे बोलले ते ऐकूनही त्याने फोन केला, हा त्याचा चांगुलपणा. तुमच्या प्रयोगशाळेतून इतका चांगुलपणा घेऊन कुणी बाहेर पडू शकतो, याचं मला नवल वाटलं.

तुमचा जन्म कुठला, पेपर किती, कोणकोणत्या देशांत व्याख्यानं दिलीत, ते बाकीचे लिहितीलच. मला आपल्या दोघांमधलं लिहायचं आहे. ते तुमच्याशी बोलायला हवं होतं. जमलं नाही. तुम्ही मला संधी दिली नाहीत, आणि आता तर मुळीच देणार नाही.

एम.एस्सी. करून मी तुमच्याकडे आले त्या दिवशी तुम्ही माझं नाव विचारलं नाहीत, मार्क विचारले नाहीत. मायक्रोस्कोपकडे बोट दाखवलंत. "बघ. आणि पहिल्यांदा बघताना बोलायचं नाही. लोक बोलत बसतात आणि बघायचं राहून जातं."

मी डोळा लावला. दोन काचांच्या मधे कसला तरी पातळ थर होता. खाली एक पोलरायझर, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश सोडणारी चकती, वर त्याला आडवा दुसरा. पुस्तकाप्रमाणे काळोख दिसायला हवा होता. दिसले ते पंखे, मोरपंखी, नारिंगी, जांभळे, एकातून एक उलगडलेले. तुम्ही शेजारी उभे राहून तापमान वाढवत होतात. पंखे थरथरले, कडांनी काळे पडत गेले आणि सगळं विझलं. मग तुम्ही तापमान उतरवलंत, आणि त्या काळोखात रंगीत काड्या उगवायला लागल्या, एकमेकींना भिडायला लागल्या. मी बराच वेळ तोंड उघडलं नाही.

"ठीक आहे," तुम्ही म्हणालात. "उद्यापासून ये."

इतकी साधी निवड माझी पुन्हा कुठे झाली नाही. प्रत्येक ठिकाणी माझ्या आडनावाकडे आधी बघितलं गेलं आणि मग माझ्याकडे. तुम्ही तसं केलं नाहीत. त्याबद्दल मी तेव्हाही तुमची ऋणी होते, आणि हा लेख लिहितानाही आहे. म्हणूनच तो लिहिणं अवघड जातं आहे.

तुम्ही शिकवायचात छान. "हे मीठ आहे," तुम्ही त्या काचेतल्या पदार्थाबद्दल म्हणाला होतात. "घरातल्या मिठासारखंच, धन आणि ऋण आयनांचं. फक्त याच्या एका आयनाला कार्बनची लांब शेपटी आहे. त्या शेपट्यांमुळे हे वितळलं तरी बेशिस्त होत नाही. पाण्यासारखं वाहतं, आणि तरी शाळेतल्या मुलांसारखं रांगेत उभं राहतं."

"आमच्या शाळेत नव्हती राहत मुलं," मी म्हटलं.

"मग तुमची शाळा द्रव अवस्थेत होती. हे द्रवस्फटिक आहे."

या आयनिक द्रवस्फटिकात चिमूटभर निळा रंग मिसळायचा, हे आपलं काम. रंगाचा रेणू लांबट. द्रवस्फटिकाचे रेणू ज्या दिशेने उभे, त्या दिशेने तोही उभा राहतो. प्रकाशाच्या कंपनाची दिशा त्याच्या लांबीला धरून आली की तो प्रकाश गिळतो, आडवी आली की सोडून देतो. म्हणून पोलरायझर फिरवला की तोच थर गडद निळा दिसतो आणि काटकोनात नेला की जवळजवळ पाणी. गडद आणि फिका यांच्यात जितका फरक जास्त, तितकी रंगाच्या रेणूंची रांग सरळ. तुमचा गाजलेला पेपर याच रांगेबद्दल होता. मिठातले विद्युतभार रंगाच्या रेणूला घट्ट धरून ठेवतात, म्हणून साध्या द्रवस्फटिकापेक्षा इथे तो कितीतरी सरळ उभा राहतो, हे तुम्ही मांडलं होतंत. त्या पेपरवर तुमचं नाव झालं. त्याच्यामुळे आमच्यासाठी नवीन यंत्रं आली, आणि त्याच्यामुळेच मी तुमच्याकडे आले.

मला फेलोशिप मिळाली तेव्हा अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तुम्हाला घरी जेवायला बोलवायचं ठरवलं. मी नको म्हणत होते. आम्ही दापोडीला राहायचो, गल्ली अरुंद, घर दोन खोल्यांचं, भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो. अण्णा छापखान्यात नोकरी करून निवृत्त झालेले. त्यांना कुणी प्राध्यापक घरी येणं म्हणजे सोहळा वाटत होता. तुम्ही आलात. चप्पल बाहेर काढलीत, सतरंजीवर मांडी घातलीत, पिठलं-भाकरी खाल्लीत आणि आईला म्हणालात, "अजून अर्धी द्या, पण मोठी अर्धी." मग तांब्यातलं पाणी स्वतः ओतून घेतलंत आणि प्यायलात.

तुम्ही गेल्यावर अण्णांनी ते गल्लीत सगळ्यांना सांगितलं. "सर आपल्याकडे जेवले. स्वतः ओतून पाणी घेतलं." मला तुमचा अभिमान वाटला, आणि अण्णांना त्याचं एवढं कौतुक वाटावं याचा राग आला. पाहुणा घरी पाणी प्यायला, ही काय सांगायची गोष्ट आहे? पण अण्णांच्या वयाच्या माणसाला ती सांगायची गोष्ट होती. त्यांनी ज्या गावात लहानपण काढलं तिथे विहिरीपाशी उभं राहून कुणीतरी पाणी वाढेल याची वाट बघावी लागायची. तुम्हाला हे माहीत होतं, सर. जेवताना अण्णांनीच तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही मान खाली घालून ऐकलं होतंत.

मग माझे आकडे जुळेनासे झाले.

उन्हाळ्यात भरलेल्या सॅम्पलमध्ये गडद आणि फिका यांच्यातला फरक कमी यायचा, श्रावणात भरलेल्यांमध्ये तुमच्या पेपरइतका चांगला. आधी मी दिव्याला दोष दिला. मग पोलरायझरला. मग काचेवर मखमलीचं कापड फिरवून रेणूंना दिशा देतो, ते माझं नीट होत नसेल असं वाटलं. सगळं पुन्हा केलं. शेवटी एक सॅम्पल व्हॅक्यूम ओव्हनमध्ये चांगलं वाळवलं आणि हवा न लागू देता काचेत बंद केलं. रंगाची रांग पार ढिली पडली. तेच सॅम्पल उघडून दमट हवेत ठेवलं, पुन्हा मोजलं, तर रांग सरळ. पुन्हा वाळवलं, पुन्हा ढिली. पदार्थ हवेतलं पाणी ओढून घेत होता, ते पाणी त्याच्या थरांना एकमेकांशी बांधत होतं, आणि रंग त्या बांधलेल्या थरांत ताठ उभा राहत होता. विद्युतभाराचा वाटा होता, पण तुम्ही म्हणाला होतात तितका नव्हता.

तुम्हाला हे सांगायला मी धावत आले. मला वाटलं तुम्ही खूश व्हाल! गोष्ट अधिक सुंदर होत होती ना. तुमचा पेपर खोटा पडत नव्हता, पुढे जात होता. निदान मला तसंच वाटत होतं.

केबिनमध्ये मोकाशी मॅडम बसल्या होत्या, आपल्याच विभागातल्या. समोर चहा होता. मी आलेख टेबलावर मांडले. तुम्ही ते बघितलेत आणि बाजूला सरकवलेत.

"माझ्या सॅम्पलमध्ये पाणी नव्हतं."

"सर, मोजलं होतं का आपण?"

"मोजायची गरज नव्हती. पदार्थ शुद्ध होता."

"शुद्ध असला तरी ओढून घेतो, सर. तुम्हीच म्हणता, मीठ आहे. घरातलं मीठसुद्धा दमट हवेत ओलं होतं."

मोकाशी मॅडमना हसू आलं. तुम्हाला ते दिसलं. तुम्ही चष्मा काढलात, माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "पाणी असेलही. तुझ्या हातचं असेल. माझ्या सॅम्पलला ते चालत नाही."

मोकाशी मॅडमनी कपात बघायला सुरुवात केली.

मला वाटतं मी म्हणाले, "मी हातमोजे घालते, सर." असलं काहीतरी खुळ्यासारखं. तुम्ही "बरं" म्हणालात. मी आलेख गोळा करून बाहेर आले.

ते एक वाक्य मी इतक्या वेळा उलटून पालटून बघितलं आहे की ते आता झिजायला हवं होतं. झिजत नाही. तुमची जीभ तिखट, सगळ्या पुण्याला माहीत. एका मुलाला तुम्ही म्हणाला होतात, "तू प्रयोग करू नकोस, प्रयोगच तुझ्यावर होऊ दे." सगळे हसलो होतो, तोही हसला होता. माझ्याबाबतीत तुम्हाला घाम म्हणायचं होतं का? काम करणाऱ्याच्या हाताचा ओलावा सॅम्पलला लागतो, हे तर प्रयोगशाळेतलं नेहमीचं बोलणं. की "तुझ्या हातचं पाणी" आणि "चालत नाही" हे शब्द याच क्रमाने तुमच्या तोंडात कुठून तरी जुनाट जागेतून आले? तुम्ही तर आमच्या घरी पाणी प्यायला होतात. नसतात प्यायलात तर मला उत्तर लगेच मिळालं असतं. मी एकदाच रडून मोकळी झाले असते.

अण्णांना सांगितलं. ते उठून खिडकीशी जाऊन बसले. मग म्हणाले, "घाम म्हणाले असतील." तुमच्या बाजूने त्यांनी जेवढा विचार केला, तेवढा तुमच्या सख्ख्या भावाने केला नसता. पण त्यानंतर गल्लीत कुणी तुमचा विषय काढला की अण्णा दुसरं काहीतरी बोलायचे.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला बोलावलंत. मी एकटीच होते. "बस," म्हणालात. विद्यार्थ्याला तुम्ही खुर्ची देत नव्हतात, म्हणून मी दचकले. तुम्ही खिडकीबाहेर बघत राहिलात. चष्मा पुसलात, घातलात, पुन्हा काढलात. मी वाट बघत होते. कशाची, ते मला माहीत होतं. मग तुम्ही माझ्याकडे वळलात आणि म्हणालात, "तो पाण्याचा चॅप्टर प्रबंधातून काढून टाक. बाकीचं पुरेसं आहे. सहा महिन्यांत डॉक्टर होशील."

"आणि नाही काढला तर?"

"तर माझी सही मिळणार नाही."

"मग दुसऱ्या गाइडची सही चालेल का, सर?"

तुम्ही हसलात. मला त्या हसण्यात कौतुक दिसलं होतं, आजही दिसतं. मोकाशी मॅडमनी मला घेतलं. का घेतलं हे त्यांनी कधी सांगितलं नाही, पण कपात बघत बसल्याचं त्यांना लागलं असावं. गाइड बदलायच्या अर्जावर तुमची सही लागत होती. मला वाटलं होतं तुम्ही अडवाल, फिरवाल. तुम्ही वाचलासुद्धा नाहीत. सही केलीत, पेनाचं टोपण लावलंत आणि म्हणालात, "शुभेच्छा. आपण या."

आपण.

तोपर्यंत मी तुमच्यासाठी "तू" होते, "अगं" होते, रागावलात की "बाईसाहेब" होते. त्या दिवसापासून तुम्ही मला आदराने वागवायला लागलात. पुण्यात माणसाला घराबाहेर काढायची ही सगळ्यात सभ्य पद्धत आहे. माझा पेपर छापून आला, मी डॉक्टर झाले, कर्वेनगरच्या कॉलेजात शिकवायला लागले, तिथेच एक छोटी प्रयोगशाळा उभी केली. तुम्ही भेटायचात. कुणाच्या तोंडी परीक्षेला, कुणाच्या लग्नात, एकदा लक्ष्मी रोडला छत्री दुरुस्त करून घेताना. "कशा आहात, डॉक्टर? आपलं कॉलेज काय म्हणतं?" मीही म्हणायचे, "ठीक आहे, सर. आपली तब्येत?" आपण दोघं मिळून मराठीतली सगळी आदरार्थी रूपं वापरून संपवली.

एकदा मी एका परिसंवादात पाण्यावरचंच काम मांडत होते. तुम्ही पहिल्या रांगेत येऊन बसलात. सभागृहात कुजबुज सुरू झाली. प्रत्येक वक्त्याला तुम्ही सोलून काढायचात, मग मला काय करणार, हे बघायला लोक सरसावून बसले. मी तयारी करून आले होते. तुमच्या प्रत्येक संभाव्य प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे होतं, आणि खरं सांगायचं तर मला तो प्रश्न हवा होता. आपल्यातलं अर्धवट राहिलेलं भांडण लोकांसमोर तरी पुरं झालं असतं. अध्यक्षांनी विचारलं, "सर, काही विचारायचंय?" तुम्ही मान हलवलीत. नाही. मला ते थोबाडीत मारल्यासारखं वाटलं. माझं काम तुमच्या प्रश्नाच्याही लायकीचं नाही, असा मी अर्थ घेतला आणि घरी जाऊन आठवडाभर कुणाशी धड बोलले नाही.

तुम्ही आजारी असल्याचं काकूंनी, तुमच्या पत्नीने, कळवलं, तेव्हा मी कसब्यात तुमच्या घरी आले. जिना चढताना खाली तांब्याच्या भांड्यांवर ठोके पडत होते. तुम्ही पलंगावर उशांना टेकून बसला होतात, नाकाशी ऑक्सिजनची नळी. मला बघून उठायला गेलात.

"बसा, डॉक्टर. दापोडीहून आलात? लांब पडत असेल."

"मेट्रोने आले. पडत नाही."

मग आपण मेट्रोच्या खोदकामाबद्दल बोललो. आजकालची मुलं प्रयोगाआधीच निष्कर्ष लिहितात, याबद्दल बोललो. काकू चहा ठेवून आत गेल्या. तुम्ही उशीवरून जरा पुढे सरकलात. माझ्याकडे बघितलंत, ओठ हलले. मी पुढे झुकले. तुम्ही म्हणालात, "चहा गार होतोय तुमचा."

मी चहा प्यायले. निघताना तुम्ही म्हणालात, "पुन्हा या." पुन्हा यायच्या आत मंदारचा निरोप आला.

आता तुमच्या शोकसभेबद्दल सांगते. हॉल भरला होता. तुमचे विनोद एकामागून एक सांगितले गेले आणि लोक डोळे पुसता पुसता हसत होते. तुमच्याबद्दल एकही वाकडा शब्द कुणी काढला नाही. तुम्ही ऐकायला असतात तर वक्त्यांना पुराव्याची मागणी केली असतीत. मग मंदार उभा राहिला. तो मनापासून बोलला. म्हणाला, "सरांनी आम्हाला सगळ्यात आधी काय शिकवलं, तर सॅम्पल वाळवायला. रात्रभर व्हॅक्यूममध्ये ठेवल्याशिवाय आयनिक सॅम्पलला हात लावू देत नसत. 'आधी पाणी बघा, मग भौतिकी,' म्हणायचे. आमच्याकडे याला 'सरांची पद्धत' असंच नाव आहे. आज मीही माझ्या विद्यार्थ्यांना तीच शिकवतो."

मी शेजारी बसलेल्या मोकाशी मॅडमकडे बघितलं. त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"मंदार कधी आला होता हो सरांकडे?" मी हळूच विचारलं.

"तू सोडून गेलीस त्याच्या पुढच्याच वर्षी," त्या म्हणाल्या.

म्हणजे तुम्हाला पटलं होतं. लगेच पटलं होतं. मी बाहेर पडले आणि तुम्ही ओव्हन चालू केलात. त्या परिसंवादात तुमच्याकडे प्रश्न नव्हता, कारण उत्तर तुम्ही कधीच मान्य केलं होतं. फक्त मला सोडून. तुमचा जुना पेपर जसाच्या तसा राहिला, त्याला दुरुस्तीची एक ओळ जोडली गेली नाही. मुलांना मात्र खरं शिकवलं जात होतं, तुमच्या नावाने. इतकी वर्षं मी समजत होते की एक हट्टी माणूस आपल्या चुकीवर ठाम आहे. हट्टी माणसाचा मला आदर वाटला असता. तुम्ही ठाम नव्हतात. तुम्ही नुसते गप्प होतात.

माझं नाव पुकारलं गेलं. मी दोन वाक्यं गोड बोलून उतरायचं ठरवून आले होते. माइकसमोर उभी राहिले आणि म्हणाले, "सरांनी मला बघायला शिकवलं. तेवढं दुसऱ्या कुणी शिकवलं नाही. आणि सॅम्पल वाळवायची ती पद्धत माझी आहे. ती मी सरांना दाखवली तेव्हा त्यांनी ती नाकारली आणि माझा प्रबंध अडवला. नंतर ते ती वापरत होते, हे मला आज इथे कळलं. त्यांना ती पटली याचा आनंद आहे. हे त्यांनी मला सांगायला हवं होतं."

टाळ्या अर्थातच नाहीत. सूत्रसंचालक म्हणाला, "वेळेअभावी आपण आता पुढच्या वक्त्यांकडे वळू." बाहेर चपला घालताना एक निवृत्त प्राध्यापक मला म्हणाले, "अहो, हे बोलायची ही वेळ होती का?"

"ते होते तेव्हाही नव्हती," मी म्हटलं.

ते हाताचं वाक्य मी तिथे बोलले नाही. ते इथे लिहिलं आहे. लिहून झाल्यावर मला राहवेना. तुम्ही तर वाचू शकत नाही, पण काकू वाचणार होत्या, आणि त्यांना छापील कागदावर हे एकदम दिसावं असं मला वाटेना. म्हणून काल दुपारी कागद घेऊन कसब्यात गेले.

"काकू, हे आधी तुम्हाला वाचून दाखवते. नको वाटलं तर देणार नाही."

"वाच," त्या म्हणाल्या. पांढऱ्या साडीच्या भानगडीत त्या पडलेल्या नाहीत, नेहमीच्याच अबोली रंगाच्या साडीत होत्या. तुमच्या पलंगावरची गादी काढून उन्हात टाकली होती.

मी वाचत गेले. दापोडीच्या जेवणाशी त्या हसल्या. त्या वाक्याशी आले तेव्हा मी जरा भरभर वाचलं. काकूंनी हात वर केला.

"ते परत वाच."

मी परत वाचलं. मग कागद मांडीवर ठेवले आणि जे विचारायला खरं तर मी गेले होते, ते विचारलं. "काकू, तुम्ही त्यांना सगळ्यांपेक्षा जास्त ओळखता. त्यांना घाम म्हणायचं होतं ना?"

त्यांनी "हो गं" एवढंच म्हणायचं होतं, सर. मी मानलं असतं. अण्णांनी मानायचा प्रयत्न केला, तसं मीही मानलं असतं आणि ते वाक्य लेखातून खोडून टाकलं असतं.

काकू म्हणाल्या, "त्या दिवशी घरी आले ते न जेवताच बसून राहिले. मला म्हणाले, 'आज प्रज्ञाला नको ते बोललो. तिच्या घरी जेवून आलेला माणूस मी, मला ते बोलायचं नव्हतं. तोंडातून गेलं.' काय बोललात, ते मी विचारलं, तर सांगितलं नाही. मी म्हटलं, उद्या तिला बोलवा आणि चुकलं म्हणा. म्हणाले, 'म्हणतो.'"

मी मांडीवरचे कागद सारखे केले.

"दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी विचारलं," काकू पुढे म्हणाल्या, "बोललात का तिच्याशी? म्हणाले, 'हो, बोललो. मिटलं ते.'" त्या थांबल्या. "तू यायची बंद झालीस. मला वाटायचं, एवढ्या मोठ्या माणसाने माफी मागितली तरी या मुलीचा राग जात नाही. मी मनातल्या मनात तुलाच नावं ठेवली गं, प्रज्ञा. इतकी वर्षं."

खाली ठोके चालू होते. काकू उठल्या, गॅलरीत जाऊन गादी उलटी केली, परत आल्या. डोळे कोरडे होते. तुमच्यावर इतक्या रागावलेल्या काकू मी पहिल्यांदाच बघत होते.

"लेख कुठपर्यंत आलाय?" त्यांनी विचारलं.

"शोकसभेपर्यंत."

"मग हेही लिही," काकू म्हणाल्या. "मी सांगितलं म्हणून लिही. ते मला खोटं बोलले, तेसुद्धा."

लिहिलं आहे, सर.